बढतीनंतरचा पहिला हंगाम : प्रीमियर लीगमध्ये टिकून राहण्याचे शास्त्र

इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलची रचना उतरंडीची आहे. सर्वांत वर २० क्लबांची प्रीमियर लीग, तिच्याखाली २४ क्लबांची चॅम्पियनशिप आणि त्याखाली लीग वन व लीग टू असे स्तर असून, दर हंगामाच्या अखेरीस या स्तरांमध्ये क्लबांची अदलाबदल होते. प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यात शेवटच्या तीन स्थानांवर राहिलेले क्लब चॅम्पियनशिपमध्ये उतरतात. या घसरणीला पदावनती किंवा रेलिगेशन म्हणतात. त्यांच्या जागी चॅम्पियनशिपमधील पहिले दोन क्लब थेट वर येतात, तर तिसरी जागा तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार क्लबांमधील प्ले-ऑफ सामन्यांतून ठरते. रणजी करंडकातील एलिट आणि प्लेट गटांमुळे चढ-उताराची ही कल्पना मराठी क्रीडारसिकांना परिचित आहे. मात्र इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दशकात पदावनतीची तरतूदच नसल्याने, फुटबॉलमध्ये ती क्लबाच्या अस्तित्वावर कसा घाला घालते याचा अनुभव भारतीय प्रेक्षकाला फारसा आलेला नाही.

प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या तीन दशकांत बढती मिळालेले तिन्ही क्लब एकाच हंगामात पुन्हा खाली गेले, असे फक्त १९९७-९८ मध्ये घडले होते. त्या वर्षी बोल्टन, बार्न्सली आणि क्रिस्टल पॅलेस हे तिघेही टिकू शकले नाहीत. परंतु २०२३-२४ मध्ये ल्यूटन टाउन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, तर २०२४-२५ मध्ये लेस्टर सिटी, इप्सविच टाउन आणि साउथॅम्प्टन असे लागोपाठ दोन हंगामांतील सहाही नवागत क्लब एका वर्षात खाली गेले. पहिल्या तिघांनी मिळून ६६ आणि दुसऱ्या तिघांनी मिळून ५९ गुण कमावले. दोन स्तरांमधील दरी आता ओलांडता येण्याजोगी राहिलेली नाही, असा निष्कर्ष यावरून अनेकांनी काढला. पण याच स्पर्धेत २००१-०२, २०११-१२, २०१७-१८ आणि २०२२-२३ या चार हंगामांत तिन्ही नवागत क्लब टिकून राहिले होते, आणि त्यांपैकी शेवटचा हंगाम वरील पडझडीच्या लगेच आधीचा आहे. दरी खरी आहे आणि ती रुंदावतही आहे. तथापि टिकलेल्या आणि न टिकलेल्या क्लबांचा तुलनात्मक विचार केला, तर पैशाइतकाच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, फरक क्लबांनी घेतलेल्या निर्णयांमुळे पडल्याचे दिसते. या निर्णयांच्या मुळाशी एकच जाण असते : बढती मिळवून देणारा खेळ आणि बढती टिकवणारा खेळ हे एक नसतात.

गुणांचे गणित

प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक क्लब ३८ सामने खेळतो. विजयाला तीन, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य गुण मिळतात. टिकण्यासाठी ४० गुण लागतात अशी जुनी समजूत असली, तरी प्रत्यक्षात त्याहून कमी गुणांवर अनेक क्लब सुरक्षित राहिले आहेत. २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉमिच अल्बियन ३४ गुणांवर, तर २०१९-२० मध्ये अॅस्टन व्हिला ३५ गुणांवर तरला, आणि हे दोन्ही क्लब त्या वर्षी नुकतेच वर आलेले होते. याउलट वेस्ट हॅम युनायटेड २००२-०३ मध्ये ४२ गुण मिळवूनही खाली गेला. म्हणजे आकडा वर्षागणिक हलतो. पण बहुतेक हंगामांत ३५ ते ३८ गुणांच्या आसपास सुरक्षिततेची रेषा येते, असे धरून चालता येते.

या रेषेचा अर्थ नीट समजून घेण्यासाठी हडर्सफील्ड टाउनचा २०१७-१८ चा हंगाम पाहावा. या क्लबाने ३८ पैकी ९ सामने जिंकले, १० बरोबरीत सोडवले आणि १९ गमावले. निम्मे सामने हरूनही ३७ गुणांसह तो सोळावा आला. संपूर्ण हंगामात त्याने केवळ २८ गोल केले होते. हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात, विजेतेपद आधीच निश्चित केलेल्या मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर गोलशून्य बरोबरीत रोखून आणि तीनच दिवसांनी चेल्सीशी त्यांच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधून प्रशिक्षक डेव्हिड वॅग्नर यांच्या संघाने आपली जागा पक्की केली. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर मिळवलेले हे दोन गुण त्या क्लबाच्या दृष्टीने विजयाइतकेच मोलाचे होते.

याच्या शेजारी ब्लॅकपूलचा २०१०-११ चा हंगाम ठेवला, की चित्र पूर्ण होते. इयन हॉलोवे यांच्या मार्गदर्शनाखाली या छोट्या क्लबाने मुक्त, आक्रमक खेळ करून ५५ गोल केले, म्हणजे हडर्सफील्डच्या जवळजवळ दुप्पट. परंतु त्यांच्यावर ७८ गोल चढले आणि ३९ गुण मिळवूनही ते खाली गेले. त्या वर्षीची रेषा वर सरकलेली होती हे खरे, पण २० गोल कमी स्वीकारले असते तर ती रेषा सहज ओलांडता आली असती हेही तितकेच खरे. पदावनत झालेल्या क्लबांच्या आकडेवारीत ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. २०२३-२४ मध्ये शेफील्ड युनायटेडवर १०४ गोल झाले, २०२४-२५ मध्ये साउथॅम्प्टनवर ८६ आणि इप्सविचवर ८२. दुबळ्या संघाला गोल करण्याच्या संधी मुळातच कमी मिळतात. त्या वाढवणे महागडे आणि अवघड असते. उलट गोल कमी खाणे हे शिस्तीने, सरावाने आणि रचनेने साध्य होऊ शकते, आणि म्हणून तिथेच पहिली मेहनत घ्यावी लागते.

विजयी शैलीचा मोह

बढती मिळालेला क्लब मागचे वर्षभर जिंकत आलेला असतो, आणि त्याची पहिली अडचण नेमकी हीच असते. व्हिन्सेंट कोम्पनी यांच्या बर्नलीने २०२२-२३ मध्ये १०१ गुणांसह चॅम्पियनशिप जिंकली आणि ४६ सामन्यांत केवळ ३ पराभव पत्करले. पुढच्याच हंगामात, प्रीमियर लीगमध्ये, त्याच क्लबाच्या वाट्याला ३८ सामन्यांत २४ पराभव आले. घरच्या मैदानावरील पहिले सातही सामने बर्नलीने गमावले.

यामागील कारण तांत्रिक आहे. चॅम्पियनशिपमध्ये प्रबळ असलेला संघ सामन्याचा बहुतांश काळ चेंडू आपल्या ताब्यात ठेवतो. गोलरक्षक आणि मध्य बचावपटू आपल्याच गोलजवळून छोट्या छोट्या पासांनी आक्रमणाची उभारणी करतात, कारण समोरचा संघ मागे सरून बचाव करण्यात गुंतलेला असतो. प्रीमियर लीगमध्ये परिस्थिती उलटते. येथील आक्रमक खेळाडू अधिक वेगवान असतात आणि चेंडू गमावताच तो प्रतिस्पर्ध्याच्याच भागात पुन्हा हिसकावून घेण्याचा, ज्याला प्रेसिंग म्हणतात, संघटित सराव त्यांना असतो. अशा दडपणाखाली बचावपटूचा एक पास चुकला की चेंडू थेट गोलसमोर प्रतिस्पर्ध्याच्या पायात जातो, आणि चॅम्पियनशिपमध्ये वाया जाणारी संधी येथे वाया जात नाही. रसेल मार्टिन यांच्या साउथॅम्प्टनने २०२४-२५ मध्ये मागून उभारणीचा हाच आग्रह धरला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत १६ सामन्यांत त्यांना ५ गुण मिळाले, मार्टिन यांना पद सोडावे लागले आणि ६ एप्रिल २०२५ रोजी, ७ सामने शिल्लक असतानाच, त्यांची पदावनती निश्चित झाली. प्रीमियर लीगच्या इतिहासात इतके सामने बाकी असताना तोवर कोणताही क्लब खाली गेला नव्हता.

नॉरिच सिटीचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे, कारण तेथे एकच धडा दोनदा मिळाला. २०१८-१९ आणि २०२०-२१ अशा दोन हंगामांत नॉरिचने चॅम्पियनशिप जिंकली. पण वर आल्यावर दोन्ही वेळा तो गुणतक्त्यात तळाला राहिला. पहिल्यांदा त्याने ७५ गोल स्वीकारले आणि दुसऱ्यांदा ८४. मधल्या काळात एकदा मँचेस्टर सिटीला ३-२ असे हरवण्याइतकी गुणवत्ता या संघाकडे होती, परंतु अशा एखाद्या संस्मरणीय विजयाने ३८ सामन्यांचा हिशेब बदलत नाही.

याला अपवाद आहेत आणि त्यांची दखल घेणे आवश्यक आहे. मार्सेलो बिएल्सा यांच्या लीड्स युनायटेडने २०२०-२१ मध्ये आपली अथक धावण्याची आक्रमक पद्धत जराही न बदलता ५९ गुणांसह नववे स्थान मिळवले. मात्र त्या पद्धतीला लागणारी असामान्य शारीरिक क्षमता आणि तिच्याभोवती कित्येक महिने घडवलेला संघ लीड्सपाशी होता. पुढच्या वर्षी प्रमुख खेळाडूंना दुखापती होताच त्याच संघावर ७९ गोल झाले, फेब्रुवारी २०२२ मध्ये बिएल्सा यांना जावे लागले आणि लीड्स सतराव्या स्थानावर कसाबसा वाचला. शैलीवरील निष्ठा तेव्हाच फळते, जेव्हा ती शैली चेंडू गमावल्यानंतरही संघाचे रक्षण करू शकते.

बदल करून टिकलेल्या क्लबांमध्ये क्रिस्टल पॅलेसचा २०१३-१४ चा हंगाम अभ्यासण्यासारखा आहे. पहिल्या ८ सामन्यांत ३ गुण मिळाल्यावर हॉलोवे पायउतार झाले. ब्लॅकपूलचे तेच प्रशिक्षक तोवर पॅलेसला वर घेऊन आले होते. नोव्हेंबरमध्ये आलेल्या टोनी प्यूलिस यांनी चार-चार खेळाडूंच्या दोन रांगा आपल्या पेनल्टी क्षेत्रासमोर जवळजवळ उभ्या केल्या, त्यांच्यातील अंतर इतके कमी ठेवले की मधून पास जाणे कठीण व्हावे, आणि चेंडू मिळताच दोन्ही बगलांवरील वेगवान खेळाडूंकडे तो लांब पाठवण्याची पद्धत रुजवली. बचावाच्या या ठेवणीला लो ब्लॉक आणि त्यातून होणाऱ्या झटपट आक्रमणाला प्रतिहल्ला म्हणतात. पॅलेसने हंगामात अवघे ३३ गोल केले, पण ४८ च स्वीकारले आणि ४५ गुणांसह अकरावे स्थान गाठले.

संघबांधणी : किती बदलावे, काय बदलावे

बढती मिळताच क्लबाच्या हाती पूर्वी कधी न आलेला पैसा येतो. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्या क्लबालाही अलीकडच्या काळात प्रक्षेपण हक्क आणि तत्सम उत्पन्नातून एका हंगामात १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. ती कशी खर्चावी हा प्रश्न मात्र रकमेने सुटत नाही. फुलमने २०१८ च्या उन्हाळ्यात १० कोटी पौंडांहून अधिक खर्च करून जवळपास नवाच संघ उभा केला, त्या हंगामात तीन प्रशिक्षक पाहिले आणि २६ गुणांवर एकोणिसाव्या स्थानी तो खाली गेला. हाच क्लब २०२२ मध्ये पुन्हा वर आला तेव्हा त्याने वेगळा मार्ग निवडला. चॅम्पियनशिपच्या एका हंगामात ४३ गोल करणारा आघाडीवीर अलेक्सांदर मित्रोविच आणि प्रशिक्षक मार्को सिल्वा यांना कायम ठेवून, बचावफळीसमोर चेंडू हिसकावणारा ज्वाँव पालिन्या आणि अनुभवी गोलरक्षक बर्न्ड लेनो अशा नेमक्या जागा भरल्या, आणि ५२ गुणांसह दहावे स्थान मिळवले.

फुटबॉलमध्ये संघाचा कणा म्हटला जातो तो गोलरक्षक, मध्य बचावपटू, बचावात्मक मिडफिल्डर आणि आघाडीवीर या मधल्या रेषेतील खेळाडूंचा. नवागत क्लबांच्या बाबतीत खरेदीचा अग्रक्रम या रेषेला देणे बहुधा शहाणपणाचे ठरते, कारण गोल रोखणे आणि मिळालेल्या मोजक्या संधींचे सोने करणे ही दोन्ही कामे तेथेच होतात. ब्रायटनने २०१७ मध्ये हेच केले. ल्यूइस डंक आणि शेन डफी ही मध्य बचावपटूंची जोडी आणि आघाडीला ग्लेन मरी हे बढती मिळवून देणारे खेळाडू जागेवर राहिले. गोलरक्षक म्हणून मॅट रायन आला आणि जर्मनीतील इंगोलश्टाट या क्लबाकडून पास्कल ग्रोस हा मिडफिल्डर अगदी माफक किमतीत मिळाला. मरीने १२ गोल केले, ग्रोसच्या गोलने मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून ब्रायटनने आपले स्थान निश्चित केले आणि ४० गुणांसह तो पंधरावा आला.

बर्नलीची २०२३ मधील चूक या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. चॅम्पियनशिप जिंकणाऱ्या त्या संघातील नेथन टेला, इयन मात्सन आणि टेलर हार्वूड-बेलिस हे महत्त्वाचे खेळाडू इतर क्लबांकडून लोनवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी उसने, घेतलेले होते आणि मुदत संपताच ते परतले. त्यांच्या जागी प्रामुख्याने तरुण आणि प्रीमियर लीगचा अनुभव नसलेले खेळाडू आले. माणसे बदलली आणि शैली तीच राहिली. वस्तुतः माणसे टिकवून शैली बदलण्याची गरज होती. लोनवर उभ्या केलेल्या बढतीची खरी किंमत दुसऱ्या वर्षी मोजावी लागते, ही बाब चॅम्पियनशिपमधील क्लबांनी आधीच लक्षात घेतली पाहिजे.

मोठ्या प्रमाणावरील खरेदी नेहमीच घातक ठरते, असेही नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्टने २०२२ च्या उन्हाळ्यात २० हून अधिक खेळाडू घेतले, तरीही ३८ गुणांसह तो सोळावा आला. मात्र फॉरेस्टने प्रशिक्षक स्टीव्ह कूपर यांच्यावरील विश्वास संकटकाळातही ढळू दिला नाही, आणि कूपर यांनी चेंडूवरील ताब्याचा हट्ट सोडून मॉर्गन गिब्ज-व्हाइट व टायवो अवोनियी यांच्या प्रतिहल्ल्यांवर संघ बेतला. या खर्चाची दुसरी बाजू नंतर समोर आली. प्रीमियर लीगच्या नफा आणि शाश्वतता नियमांनुसार क्लबाला तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा चालत असे, पण त्यातील जी वर्षे चॅम्पियनशिपमध्ये गेली असतील त्यांच्यासाठी मर्यादा बरीच कमी होती. त्यामुळे फॉरेस्टच्या वाट्याला ६ कोटी १० लाख पौंडांचीच सवलत आली, ती ओलांडल्याबद्दल २०२३-२४ मध्ये त्यांचे ४ गुण कापले गेले आणि पदावनतीचे संकट पुन्हा दाराशी आले.

सेट पीस आणि घरचे मैदान

खेळ थांबून फ्री किक, कॉर्नर किंवा थ्रो-इनने पुन्हा सुरू होतो, त्या प्रसंगांना सेट पीस म्हणतात. अशा वेळी चेंडू स्थिर असतो, खेळाडू ठरवलेल्या जागी उभे राहू शकतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या वेगाचा किंवा पदलालित्याचा फायदा तात्पुरता नाहीसा होतो. म्हणून गुणवत्तेतील तफावत भरून काढण्याचे हे सर्वांत स्वस्त साधन आहे. ब्रेंटफर्डने ते ओळखले होते. या क्लबाचे मालक मॅथ्यू बेनहॅम सट्टाबाजाराच्या सांख्यिकी विश्लेषणाच्या व्यवसायातून पुढे आलेले असून, खेळाडूंची निवड आणि सेट पीसचे नियोजन आकडेवारीच्या आधारे करण्याची शिस्त त्यांनी क्लबात रुजवली. १३ ऑगस्ट २०२१ रोजी, सात दशकांहून अधिक काळानंतर सर्वोच्च स्तरावर परतलेल्या ब्रेंटफर्डचा पहिलाच सामना आर्सेनलशी झाला. उत्तरार्धात १-० अशी आघाडी असताना बाजूच्या रेषेवरून एक लांब थ्रो-इन थेट गोलसमोर आला. आर्सेनलच्या बचावपटूंपैकी कोणीही तो दूर करू शकले नाही, चेंडू टप्पा घेऊन उसळला आणि मागून धावत आलेल्या ख्रिश्चन नॉरगार्डने डोक्याने तो जाळ्यात धाडला. एरवी केवळ खेळ पुन्हा सुरू करण्याची औपचारिकता मानल्या जाणाऱ्या थ्रो-इनमधून आलेला हा गोल सरावाचे फळ होता. ब्रेंटफर्ड ४६ गुणांसह तेरावा आला.

घरच्या मैदानाचे महत्त्व तर आकड्यांतच दिसते. शॉन डाइश यांच्या बर्नलीने २०१६-१७ मध्ये मिळवलेल्या ४० गुणांपैकी ३३ घरच्या मैदानावरील होते. बाहेर त्यांना संपूर्ण हंगामात एकच विजय मिळाला. फॉरेस्टच्या २०२२-२३ मधील ९ विजयांपैकी ८ घरचे होते, ज्यात लिव्हरपूल आणि आर्सेनलवर मिळवलेल्या १-० अशा विजयांचा समावेश होता. उलट इप्सविचने २०२४-२५ मध्ये घरी केवळ एक सामना जिंकला, तर लेस्टरने त्याच हंगामात घरचे सलग ९ सामने एकही गोल न करता गमावले. बाहेरच्या १९ सामन्यांत ७-८ गुणांवर समाधान मानणारा क्लबही टिकू शकतो. घरच्या १९ सामन्यांत ३० च्या आसपास गुण मिळवणे मात्र त्याला भाग असते. त्यामुळे घरच्या सामन्यात पहिला गोल मिळवण्यासाठी जोखीम घेणे आणि बाहेर बरोबरीसाठी संयमाने खेळणे, अशी दुहेरी नीती नवागत क्लबांना उपयोगी पडते.

हंगामाच्या मध्यावर

योजना कितीही चोख असली, तरी नवागत क्लबाच्या हंगामात पराभवांची मालिका येतेच, आणि त्या वेळी संचालक मंडळाची खरी परीक्षा होते. प्रशिक्षक बदलल्याने काही वेळा संघ सावरतो. ऑगस्ट २०२२ मध्ये लिव्हरपूलकडून ०-९ असा मार खाल्ल्यानंतर बोर्नमथने स्कॉट पार्कर यांना दूर केले. त्यांच्या जागी आलेल्या गॅरी ओनील यांनी संघाला आधी बचावाची घडी घालून दिली, जानेवारीत अँटोनी सेमेन्यो आणि डँगो वाटारा यांच्यासारखे वेगवान आक्रमक खेळाडू मिळाले आणि क्लब ३९ गुणांवर सुरक्षित राहिला. उलट लेस्टर सिटी २०१४ च्या नाताळात तळाला असताना क्लबाने नायजेल पिअरसन यांना कायम ठेवले, आणि अखेरच्या ९ पैकी ७ सामने जिंकून तो चौदावा आला. पुढच्या हंगामात क्लाउदिओ रानिएरी यांच्या मार्गदर्शनाखाली लेस्टर चक्क विजेता ठरला, आणि त्या विजेत्या संघाचा गाभा पदावनती टाळण्याच्या झुंजीतच तयार झाला होता. म्हणजे बदल करावा की नाही याला सरसकट उत्तर नाही. खेळाडूंचा प्रशिक्षकावर विश्वास शिल्लक आहे का आणि प्रशिक्षक स्वतःची पद्धत बदलायला तयार आहे का, या दोन प्रश्नांच्या प्रामाणिक उत्तरांवर तो निर्णय अवलंबून असावा.

प्रशिक्षक तोच राहूनही संघ कसा बदलू शकतो, हे अॅस्टन व्हिलाने २०१९-२० मध्ये दाखवले. करोनामुळे मार्च २०२० मध्ये स्पर्धा थांबली तेव्हा २८ सामन्यांत व्हिलावर ५६ गोल झाले होते, म्हणजे सरासरी सामन्यामागे दोन. प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी सक्तीच्या विश्रांतीचा काळ बचावाच्या फेरआखणीसाठी वापरला, आणि उरलेल्या १० सामन्यांत त्यांच्यावर ११ च गोल झाले. शेवटच्या चार सामन्यांत व्हिलाने ८ गुण मिळवले आणि एका गुणाच्या फरकाने तो वाचला. त्या एका गुणाला नशिबाचीही साथ होती. १७ जून २०२० रोजी शेफील्ड युनायटेडविरुद्ध व्हिलाचा गोलरक्षक चेंडू हातात धरून गोलरेषेच्या आत गेला, परंतु गोलरेषेवरील तंत्रज्ञानाने संकेत दिला नाही आणि सामना गोलशून्य राहिला. तो गुण मिळाला नसता, तर गोलफरकाच्या निकषावर व्हिला खाली गेला असता. दैव कोणाच्या हाती नसते. पण दैवाचा एक गुण निर्णायक ठरावा इतक्या जवळ पोहोचण्याचे श्रेय त्या दहा सामन्यांतील बचावालाच द्यावे लागते.

खाली गेल्यासही उभे राहण्याची तयारी

पदावनती टाळण्याच्या नियोजनात पदावनती झाल्यास काय, याचाही विचार असावा लागतो. खाली जाणाऱ्या क्लबाला उत्पन्नातील घट सोसता यावी म्हणून प्रीमियर लीग तीन वर्षांपर्यंत साहाय्य देते, ज्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. प्रत्येक क्लबाला प्रक्षेपण उत्पन्नाचा जो समान वाटा मिळतो, त्याच्या ५५, ४५ आणि २० टक्के अशी ही रक्कम क्रमाने उतरत जाते. एकाच हंगामात परतलेल्या क्लबाला मात्र तिसऱ्या वर्षाचे साहाय्य मिळत नाही. या आधाराशिवाय, पदावनती झाल्यास वेतन आपोआप कमी होईल असे कलम खेळाडूंच्या करारांत घालणे ही दूरदर्शी क्लबांची रीत आहे.

बर्नली २०१४-१५ मध्ये मोजकाच खर्च करून ३३ गुणांवर खाली गेला, पण त्याने डाइश यांना काढले नाही, ताळेबंद बिघडू दिला नाही आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियनशिप जिंकून तो परतला. दुसऱ्या खेपेस तो टिकला आणि २०१७-१८ मध्ये सातवा येऊन युरोपा लीगच्या पात्रता फेरीपर्यंत पोहोचला. याउलट ल्यूटन टाउन २०२४ मध्ये खाली गेल्यानंतर पुढच्याच हंगामात चॅम्पियनशिपमधूनही लीग वनमध्ये घसरला. एकाच पदावनतीचे हे दोन टोकांचे परिणाम पाहिले, की एका हंगामासाठी क्लबाचे सर्वस्व पणाला लावणे किती धोक्याचे आहे हे उमगते.

एकंदर इतिहास पाहता नवागत क्लबाने ज्या गोष्टी साधायला हव्यात त्या फार नाहीत, पण प्रत्येक गोष्ट अवघड आहे. संघाचा कणा आणि आपसांतला विश्वास कायम ठेवावा, परंतु मागच्या वर्षीच्या शैलीला कवटाळून बसू नये; गोल रोखण्याची व्यवस्था पहिल्या सामन्यापासून उभी करावी; सेट पीस आणि घरचे मैदान यांतून मिळणारा प्रत्येक गुण वेचावा; खर्च नेमक्या जागांवर करावा आणि पराभवांच्या काळात घाईने निर्णय घेऊ नयेत. सर्वांत श्रीमंत क्लबांशी असलेली आर्थिक दरी भरून काढणे नवागताच्या हाती नाही आणि तशी गरजही नाही. त्याची स्पर्धा विजेत्याशी नसून सतराव्या क्रमांकाशी असते, आणि ती जिंकण्यासाठी २० पैकी फक्त तीन क्लब आपल्या मागे राहिले तरी पुरेसे असते.